खार, संकेश्वरी मिरची आणि तंबाखूचा चुरा

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ज्या घराला थोडेसे परडे आहे, त्या घरात खारीवरून मतभेद आहेत. सुगीनंतर सोप्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळत पडतात, उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे-कुरडया असतात, पावसाच्या तोंडावर कुंड्यांत नवी रोपे लागतात आणि प्रत्येक वेळी खार हजर असते. एकाच गल्लीत कुणी तिला हातावर शेंगदाणे भरवतात, तर कुणी तिच्या वाटेवर तंबाखूचा चुरा टाकतात. या दोन्ही बाजूंचे नीट ऐकून घ्यावे म्हणून हा संवाद. निपाणीची आत्या आणि बेळगावात टिळकवाडीत राहणारा, वनस्पतिशास्त्र शिकवणारा भाचा ही पात्रे लेखासाठी उभी केली आहेत. त्यांची मते मात्र या भागात घरोघरी ऐकू येतात.

आत्या : तू पुस्तकातलं सांगशील, मी परड्यातलं सांगते. पेरू पाडाला लागायच्या आत कुरतडलेला असतो. एक धरून सगळा खाल्ला तर मी बोलणार नाही रे, पण एक चावा इथं आणि दुसरा तिथं. सोप्यावर शेंगा पसरल्या की जेवायलासुद्धा आत जायची सोय नाही. न्हाणीघराच्या झरोक्यात काथ्या, कापूस, चिंध्या आणून घरटं केलंय. मळ्यात ठिबकच्या नळ्या कुरतडून ठेवल्यात, ते वेगळंच. आता हिला हाकलू नको म्हणतोस?

भाचा : हाकल की. माझी ना नाही. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळं कुरतडणं तिला चुकत नाही. ती तुझ्या पेरूवर राग काढत नाही, तसंच तुझं नुकसानही खोटं नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की तू तिला कशानं हाकलतेस?

आत्या : तंबाखूच्या चुऱ्यानं. निपाणीत त्याला काय तोटा? वखारीत झाडून काढलेला चुरा आणि काड्या पोत्यानं मिळतात. आमच्या आईनं घातला, सासूनं घातला. घुशीला, मुंग्यांना, मावा पडला तर काढा करून झाडाला. या पानाच्या दरासाठी 1981 साली शरद जोशींच्या मागं हजारो शेतकरी हमरस्त्यावर येऊन बसले, गोळीबारात माणसं गेली. त्या पानाची ताकद तू मला विचारतोस?

भाचा : ताकद आहे म्हणूनच भीती वाटते, आत्या. तंबाखूतलं निकोटिन हे अस्सल विष आहे. निकोटिन सल्फेट जगभर कीटकनाशक म्हणून वापरलं जायचं. ते माणसालाच फार विषारी, म्हणून मागं पडलं. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत तंबाखूची भुकटी वनस्पतीपासूनची असूनही वर्ज्य पदार्थांच्या यादीत आहे. झाडपाल्याचं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, हा आपला मोठा गैरसमज. ओली तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना कातडीतून निकोटिन भिनून मळमळ होते, चक्कर येते, उलट्या होतात. तुझ्या परड्यात मांजर फिरतं, कुत्रं माती उकरतं, रांगणारं पोर तोंडात काहीही घालतं. चुरा खारीसाठी टाकलाय हे त्यांना कोण सांगणार?

आत्या : वखारीतल्या बायका जन्मभर त्या खकाण्यात बसल्या. चिमूटभर चुऱ्यानं काय होतंय?

भाचा : त्या बायकांचा खोकला तू माझ्यापेक्षा जास्त ऐकलायस. त्यांनी सोसलं म्हणून ते सोसण्यासारखं ठरत नाही. बरं, माणसांचं बाजूला ठेवू, तुझ्या वाफ्याचं बोलू. काय लावलंयस?

आत्या : टोमॅटो, मिरची, ढबू, थोडी वांगी.

भाचा : सगळी तंबाखूच्याच कुळातली. तंबाखूवर मोझॅक नावाचा एक विषाणू असतो. विषाणू अशी काही चीज जगात आहे हे माणसाला पहिल्यांदा याच रोगामुळं कळलं. 1892 साली रशियात इव्हानोव्स्कीनं आणि 1898 साली हॉलंडमध्ये बायजेरिंकनं त्यावर काम केलं. हा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या पानात तो वर्षानुवर्षं टिकतो. चुरा टाकलेल्या हातानं तू टोमॅटोचं रोप बांधलंस, मिरचीचा शेंडा खुडलास, की झालेल्या बारीक जखमेतून तो आत जाऊ शकतो. मग पानांवर फिकट आणि गडद हिरवे डाग पडतात, पानं आकसतात, फळ धरत नाही. त्याला औषध नाही, रोप उपटून टाकायचं. खार एक टोमॅटो नेते, चुरा मात्र अख्खा वाफा घालवू शकतो.

आत्या : मागं मिरचीवर चुरडामुरडा आला होता, तो यानंच म्हणतोस?

भाचा : नाही. चुरडामुरडा बहुतेक वेळा फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळं येतो. त्याचं खापर चुऱ्यावर फोडणार नाही. पण चुऱ्याचा धोका खरा आहे. तंबाखू हाताळणाऱ्यांनी साबणानं हात धुतल्याशिवाय टोमॅटो-मिरचीच्या रोपाला हात लावू नये, हा सल्ला बागकामात सगळीकडं दिला जातो.

आत्या : बरं, चुरा बंद. डांबरगोळ्या तरी? कपाटात असतातच. झरोक्यात चार ठेवल्या की वासानं पळते.

भाचा : त्या तर चुऱ्याहून वाईट. डांबरगोळीत नॅफ्थलीन असतं, हवेत उडून जातं ते आपणच श्वासात घेतो. पोरांना ती गोड गोळी वाटते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेनंही फुटतात. गोळी मातीत पडली तर ते रसायन मातीत उतरतं. उघड्यावर, बागेत, झरोक्यात ती कधीच ठेवायची नाही.

आत्या : म्हणजे घरातलं काहीच चालत नाही. तुम्हा शिकलेल्यांचं हेच असतं. नको ते सांगता, हवं ते सांगत नाही.

भाचा : सांगतो की. तुझ्या डब्यातली मिरची चालते.

आत्या : कुठली? ब्याडगी का संकेश्वरी?

भाचा : तूच सांग.

आत्या : सांगायचं काय त्यात! ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. खारीला काय आमटीचा रंग दाखवायचाय? संकेश्वरीच.

भाचा : बरोबर. तिखटपणा ज्यामुळं येतो ते कॅप्सेसिन ब्याडगीत कमी असतं. ते जिभेवर आणि नाकात जळजळ कशी उठवतं, याचा उलगडा डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 साली केला. शरीरात उष्णता ओळखणारी जी यंत्रणा आहे, तिलाच कॅप्सेसिन चेतवतं. या कामासाठी त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. पुढं 2002 साली असंही दिसलं की पक्ष्यांमधली हीच यंत्रणा कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपट मिरची खुशाल खातो ते त्यामुळं. खार, उंदीर, आपण, सगळे सस्तन, म्हणून आपल्याला झोंबतं. मिरचीच्या झाडाचाही त्यात फायदा आहे. पक्ष्याच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडतं, सस्तन प्राणी ते दाढेखाली चिरडतात. इंग्लंडमध्ये 1876 पासून अमेरिकेतली करडी खार आणून सोडली. आता पाखरांसाठी ठेवलेले दाणे तीच पळवते, म्हणून तिकडं तिखट लावलेले दाणे विकतात. पाखरं खातात, खार तोंड फिरवते. घरगुती उपायांत पाया पक्का असलेला उपाय हाच.

आत्या : मग पूड पसरते उद्यापासून.

भाचा : कोरडी पूड नको. वाऱ्यानं ती तुझ्याच डोळ्यांत जाईल. खारीच्या पंजाला लागली की ती तोंड पुसते आणि पूड डोळ्यांत जाते. तिला नकोसं करायचंय, आंधळं करायचं नाही. पाण्यात उतरवून फवारायची.

आत्या : पाण्यात तिखट उतरत नाही बाबा. फोडणी तेलाची का करतात मग? तिखट तेलात उतरतं.

भाचा : हे तू लाखातलं बोललीस. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात विरघळतं. लोक नुसत्या पाण्यात पूड ढवळतात आणि उपाय फसला म्हणतात. म्हणून दोन चमचे संकेश्वरी पूड चमचाभर कोमट तेलात रात्रभर ठेवायची. सकाळी त्यात भांड्याच्या साबणाचे थेंब घालून लिटरभर पाण्यात घुसळायचं आणि फडक्यातून दोनदा गाळायचं. साबणामुळं तेल पाण्यात मिसळतं आणि पानाला चिकटतं. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघायचं, पान करपलं नाही तर बाकीचं. उन्हात मारायचं नाही, संध्याकाळी मारायचं. फुलांवर नको, मधमाश्या असतात. तोडायला आलेल्या फळावरही नको. कुंडीचा काठ, कठड्याची कड आणि ती जिथून चढते ती वाट, एवढ्यावरच मारायचं.

आत्या : आणि मिरगाचा पाऊस लागला की? बेळगावचा पाऊस तुला सांगायला नको. सकाळी मारलेलं दुपारी गटारात.

भाचा : ते मान्य. पावसाळ्यात मिरचीवर भिस्त ठेवता येत नाही. लसूण, पुदिना, हिंग, व्हिनेगर, कॉफीचा चोथा यांचंही तसंच आहे, उलट ते मिरचीपेक्षा कच्चे. वास उडाला की संपलं. वास टिकला तरी खार त्याला सरावते, कारण त्या वासातून तिला इजा होत नाही हे तिला कळतं. प्लॅस्टिकचा साप, लटकवलेल्या सीड्या यांचंही तेच. जागा बदलत राहिलं तर थोडे दिवस चालतात. पोट भरायचा प्रश्न आला की कुठलाही प्राणी वास सोसतो.

आत्या : म्हणजे सगळं फिरून शून्य.

भाचा : शून्य नाही. वासापेक्षा अडसर मोठा. शेंगा वाळवताना लाकडी चौकट करून तिला अर्धा इंची लोखंडी जाळी ठोक आणि ती वर पालथी घाल. ऊन लागतं, वारा लागतो, खार आत जात नाही. एक इंची जाळीतून लहान खार सहज जाते, म्हणून अर्धा इंचच. नायलॉनची जाळी घेऊ नकोस. ती कुरतडते, आणि ढिली लोंबली की त्यात पाखरं आणि धामणी अडकून मरतात. पेरूला फळ सुपारीएवढं झालं की पिशवी बांधायची. डाळिंबवाले, पेरूवाले बांधतात तशीच. फळमाशीपासूनही सुटका होते. नारळाच्या बुंध्याला डोक्याच्या वर दोन-तीन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळायचा. खारीची नखं पत्र्यात रुतत नाहीत, उंदीरही थांबतात. मात्र शेजारच्या झाडाची फांदी किंवा वायर झावळीला टेकत असेल तर पत्रा वाया गेला, आधी ती फांदी छाटायची. ठिबकच्या बाबतीत उन्हाळ्यात मळ्याच्या बांधावर मातीच्या परळात पाणी ठेवून बघ. बऱ्याच वेळा नळी कुरतडणारा प्राणी तहानलेला असतो.

आत्या : जाळीला पैसे पडतात, पत्र्याला पडतात. चुरा फुकट असतो.

भाचा : जाळी एकदा घेतली की वर्षानुवर्षं पुरते. तंबाखूच्या चुऱ्यानं एक हंगाम मिरची गेली तर तो हिशेब कसा मांडणार?

आत्या : आता मी विचारते. तुझ्या टिळकवाडीच्या गच्चीवर तू रोज सकाळी तांदूळ-शेंगदाणे ठेवतोस ना? पाखरांसाठी म्हणून?

भाचा : ठेवतो.

आत्या : खारी खातात ना?

भाचा : खातात.

आत्या : मग त्या खारी तुझ्या गच्चीवर पोट भरून शेजारणीच्या कुंड्या उकरतात. दाणे पुरून ठेवतात, रोपं उपटतात. प्रेम तुझं आणि भुर्दंड तिचा. मी निदान माझ्या परड्यापुरती हाकलते. तू अख्ख्या गल्लीत बोलावतोस.

भाचा : याला माझ्याकडं उत्तर नाही. तू म्हणतेस ते खरं आहे. दाणे मिळत राहिले तर एका जागी गरजेपेक्षा जास्त खारी जमतात आणि माणसाची भीती सोडतात. पाणी ठेवावं, दाणे नकोत. पाखरांना बोलवायचं तर देशी झाडं लावावीत.

आत्या : आणि ते रामाचं सांगू नकोस. सेतूच्या वेळी वाळू आणली, पाठीवर बोटं उमटली, म्हणून तिला सगळं माफ. पुण्य तिनं केलं, पेरू माझा गेला.

भाचा : रामाचं नाही, झाडांचं सांगतो. सावर फुलली की खारी फुलातला मध प्यायला येतात. त्यांच्या मिशांना, छातीला पराग लागतो आणि या फुलावरून त्या फुलावर जातो. त्या किडेही खातात. पुरून विसरलेलं बी उगवतं. त्या अगदी निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. केरळात आणि दक्षिण कर्नाटकात कोकोच्या बागांत खारी फळं पोखरून मोठं नुकसान करतात. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयापाशी 1898 च्या सुमारास आपल्याकडची पाच पट्ट्यांची खार पोचली. ती तिथं पसरली आणि आज तिकडं ती उपद्रवी प्राण्यांत मोजली जाते. आपल्याकडं, दक्षिणेत, अंगणात दिसते ती बहुधा तीन पट्ट्यांची. तिच्यावर इथं शिक्रा आहे, घुबड आहे, मुंगूस आहे, धामण आहे. विष घातलंस तर खारीबरोबर तेही जातील, आणि मग खारींना आवरायला कोण उरणार?

आत्या : झरोक्यातल्या घरट्याचं काय करू? काठीनं पाडू?

भाचा : पिल्लं असतील तर नको. एका वेळी दोन-तीन पिल्लं असतात आणि ती दोन-अडीच महिने आईजवळ असतात. येणं-जाणं थांबलं, आत आवाज नाही, अशी खात्री झाली की घरटं काढ आणि त्याच दिवशी झरोक्याला जाळी ठोक. जाळी ठोकली नाहीस तर ती पुन्हा तिथंच येईल. पिंजरा लावून पकडणं, लांब नेऊन सोडणं याच्या भानगडीत पडू नकोस. मोकळ्या जागेवर दुसरी खार येते आणि सोडलेली अनोळखी जागी जगेलच असं नाही. शिवाय वन्यप्राणी पकडायचा तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो, आधी वन खात्याला विचारावं लागतं. आणि मुद्दाम कुठल्याही प्राण्याला घातक पदार्थ खाऊ घालणं 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, मग ती खार असो की भटकं कुत्रं. उंदरांसाठी गोंद लावलेले पुठ्ठे मिळतात, तेही नको. त्यावर खार जिवंतपणी सोलवटते, आणि चिमण्या-सरडेही चिकटतात.

आत्या : चावली तर? परवा गल्लीतल्या पोराला ओरखडलं.

भाचा : जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरला दाखवायचं. खारीपासून रेबीज होणं फार दुर्मीळ, पण ते डॉक्टरनं ठरवायचं, आपण नाही. हातावर भरवायची सवय मोडली की असले प्रसंगच कमी होतात.

आत्या : सगळं ऐकलं. चुरा टाकणार नाही, जाळी करून घेते. पण एक मात्र मी मानणार नाही. ज्याचं पोट परड्यावर आहे त्याला तू खारीला वाटा दे म्हणून सांगू नकोस. पगारावर जगणाऱ्यानं वाटा द्यावा. शेंगा विकून पोरांची फी भरणाऱ्यानं आधी त्या राखाव्यात.

भाचा : मी तरीही म्हणेन की परड्याच्या टोकाचं एखादं झाड, उंबर नाहीतर रायआवळा, बिनपिशवीचं सोडावं. हातचं फळ सोपं मिळालं तर ती पिशवी फाडायला येत नाही.

आत्या : ते तू तुझ्या गच्चीवर लाव. माझ्याकडं जागा उरली तर बघू.

या शेवटच्या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले नाही, आणि व्हायलाच हवे असेही नाही. हौसेची बाग आणि पोटाचे परडे यांचा हिशेब वेगळा असतो. शेंगांच्या राशीवर ज्याचे वर्ष अवलंबून आहे, त्याला दयेचा उपदेश करण्याचा अधिकार शहरातल्या कुंडीवाल्याला नाही. पण साधनांच्या बाबतीत दोघांचे बोलणे एकाच ठिकाणी येते, आणि माझेही मत तेच आहे. जाळी, पिशवी आणि पत्रा हे पहिले उपाय. कोरड्या दिवसांत, तेलात उतरवलेली संकेश्वरी मिरची हा जोडीचा उपाय. लसूण, हिंग, पुदिना वापरायला हरकत नाही, मात्र त्यांच्यावर विसंबू नये. तंबाखूचा चुरा, डांबरगोळ्या, गोंदाचे पुठ्ठे आणि विष यांना परड्यात जागा नाही.

निपाणी परिसरातल्या वाचकांना एक विनंती वेगळी करावीशी वाटते. वखारीतला चुरा फुकट मिळतो म्हणून तो टोमॅटो-मिरचीच्या वाफ्याजवळ नेऊ नका, आणि तंबाखू हाताळली असेल तर साबणाने हात धुऊनच रोपांना हात लावा. बेळगावच्या गच्चीवाल्यांना विनंती अशी की पाखरांसाठी पाणी ठेवा, दाणे ठेवू नका. सुगीत शेंगा सोप्यावर येण्याआधी अर्धा इंची जाळीची एक चौकट सुताराकडून करून घ्या.